सीमाभागात भंगाराची गाडी : माल सहज मिळतो, अडतं ते कागदावर

बेळगाव : उद्यमबाग, मच्छे, होनगा या पट्ट्यात फौंड्री आणि मशीन शॉप आहेत. तिकडे शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या पंचतारांकित वसाहतीतही तेच. दोन्हीकडच्या भट्ट्यांना रोज भंगार लागतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान काढलं आणि १९१० मध्ये ते कुंडलच्या माळावर गेले, तेव्हापासून या भागाला लोखंडाची सवय आहे असं म्हटलं तरी चालेल. त्यामुळे हाताला काम नसलेला, गाडी चालवता येणारा आणि चार गावं ओळखीची असलेला तरुण पहिल्यांदा ज्या धंद्यांचा विचार करतो, त्यात भंगार गोळा करून पोचवण्याचा धंदा हमखास असतो. दुकान थाटावं लागत नाही, माल नासत नाही, आणि गिऱ्हाईक शोधत फिरावं लागत नाही.

हे सगळं खरं आहे. तरीही पहिल्या दोन वर्षांत गाडी विकून मोकळे होणारे बरेच असतात. त्यांचं गणित बहुतेक तीन ठिकाणी चुकतं. माल न निवडता विकला जातो, अर्धी गाडी लांब पळवली जाते, आणि राज्याची हद्द ओलांडताना कागद नसतो. पहिल्या दोन चुकांत नफा जातो. तिसरीत गाडी अडकते.

निवडलेल्या मालालाच भाव

भंगार हा एक माल नाही, पंधरा-वीस माल एकत्र पडलेले असतात. जाड लोखंड म्हणजे अँगल, चॅनेल, सळई, गिअर, जुने नांगराचे फाळ. पातळ पत्रा म्हणजे डबे, कूलर, कपाटं. बीड म्हणजे ओतीव लोखंड, त्यात मोटारीची बॉडी, पंपाचं केसिंग, गटाराची झाकणं येतात. वर्कशॉपमधून निघणारं टर्निंग आणि बोरिंग वेगळं, प्रेस शॉपचं पंचिंग वेगळं. या प्रत्येकाचा भाव निराळा, आणि तो रोज हलतो.

एका ढिगात सगळं घातलं की खरेदीदार त्या ढिगातल्या सर्वांत हलक्या मालाचा भाव लावतो. तो दोष त्याचा नाही. फौंड्रीवाल्याला भट्टीत काय पडतंय हे माहीत असावं लागतं. बिडाच्या भट्टीत मिश्रधातूचं पोलाद किंवा शिशाचा तुकडा गेला तर ओतलेला आख्खा माल नापास होऊ शकतो. म्हणून तो अंदाजाने कमी भाव देतो आणि वर कडता कापतो.

निवडायला फार साधनं लागत नाहीत. एक चांगला लोहचुंबक, एक कानस, एक छोटा ग्राइंडर. चुंबकाला चिकटलं नाही म्हणजे लोखंड नाही, ही पहिली चाळणी. पण स्टेनलेस स्टीलच्या बाबतीत इथंच फसगत होते. ३०४ आणि २०२ या दोन्ही जाती चुंबकाला सहसा चिकटत नाहीत, भावात मात्र बराच फरक आहे, कारण ३०४ मध्ये निकेल जास्त असतं. हॉटेल आणि दूध डेअरीतून निघालेला माल बहुतेक ३०४, स्वस्त रेलिंगचा पाइप बऱ्याचदा २०२. खात्री नसेल तर ज्याच्याकडे तपासणीचं यंत्र आहे अशा खरेदीदारासमोरच वजन करावं.

तांबं, पितळ आणि अ‍ॅल्युमिनियम (घरोघरी ज्याला ‘जर्मन’ म्हणतात) वजनाला थोडं, पण नफ्यातला मोठा वाटा तिथं असतो. जळक्या पंपमोटारीतून तांब्याची गुंडाळी काढली तर तांबं वेगळं, बीड वेगळं, स्टॅम्पिंगचा पत्रा वेगळा विकता येतो. मोटार आहे तशी लोखंडात टाकणं म्हणजे पैसे रस्त्यावर टाकणं. केबलचं तांबं काढायला ती जाळण्याची पद्धत अजून गावोगाव दिसते. ती बेकायदा आहे, धूर विषारी असतो, आणि व्यापारी हिशेबानेही खोटी आहे, कारण जळून काळं पडलेल्या तांब्याला सोललेल्या तांब्यापेक्षा कमी भाव मिळतो. हाताने चालणारं केबल सोलायचं यंत्र थोडक्या पैशात येतं.

टर्निंगच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्यात कटिंग ऑइल आणि पाणी असतं. वर्कशॉपमधून उचलताना ते तेल लोखंडाच्या भावाने विकत घेतलं जातं आणि भट्टीवर पोचेपर्यंत निथळून जातं किंवा कडत्यात कापलं जातं. उतरत्या फरशीवर एक-दोन दिवस निथळू दिलेला माल आणि ताजा उचललेला माल यांच्या वजनात फरक पडतोच. खरेदीचा भाव ठरवतानाच तो धरला पाहिजे.

गाडी किती मोठी?

सुरुवातीला बहुतेक जण तीनचाकी किंवा ‘छोटा हत्ती’ घेतात, जुना घेतला तर हप्ताही हलका पडतो. गल्लीबोळ आणि खेड्यातल्या वाटांसाठी तीच गाडी बरी. पत्रा आणि टर्निंग या दोन मालांत मात्र गाडी वजनाआधी आकाराने भरते. पाऊण टन क्षमतेच्या गाडीत सुटा पत्रा निम्म्या वजनाचाही बसत नाही. म्हणजे डिझेल पूर्ण, माल अर्धा. पत्रा तुडवून, वाकवून, दोरीने आवळून भरणं हेच इथलं कौशल्य.

जाड लोखंडात उलटं होतं. गाडी रिकामी दिसते आणि वजन केव्हाच ओलांडलेलं असतं. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भाराला वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार असा दंड आहे. सळया मागे किंवा बाजूला मर्यादेबाहेर लोंबत असतील तर त्यालाही वीस हजारांचं वेगळं कलम आहे. एका दंडात महिन्याची कमाई जाते.

परमिटचं कलमही सीमेवरच्या माणसाला उपयोगाचं आहे. ज्या मालवाहू गाडीचं भरलेलं एकूण वजन ३,००० किलोपेक्षा जास्त नाही, तिला कायद्याच्या कलम ६६ नुसार परमिट लागत नाही. छोटा हत्ती त्यात बसतो. पिकअपची काही मॉडेलं बसतात, काही बसत नाहीत. विकत घेण्यापूर्वी आरसी बुकातला आकडा वाचावा, दलालाच्या तोंडचा नव्हे.

वजनकाट्याबद्दल : स्वतःचा काटा वजनमापं खात्याकडून दरवर्षी पडताळून, शिक्का मारून घ्यावा लागतो. आणि माल विकायला नेताना निघण्यापूर्वी एखाद्या तिसऱ्याच धर्मकाट्यावर भरलेल्या गाडीचं वजन करून पावती खिशात ठेवावी. खरेदीदाराच्या काट्यावर दीडदोनशे किलो कमी भरलं तर तोंडी भांडण्यापेक्षा ती पावती बोलते.

जवळची भट्टी की लांबची?

कोल्हापूरला दोन रुपये जास्त मिळतात हे ऐकलं की गाडी हायवेला लागते. कागदावर मांडून बघू. आकडे फक्त उदाहरणाचे, रोजचे भाव आपापले टाकावेत.

समजा पिकअपमध्ये १,५०० किलो जाड लोखंड आहे. बेळगावात ३० रुपये, शिरोलीत ३२ रुपये. जादा मिळणार ३,००० रुपये. जाऊन-येऊन सुमारे २३० किलोमीटर. लिटरला बारा किलोमीटर आणि डिझेल ९० रुपये धरलं तर सतराशेच्या आसपास इंधन. टोलचे सहाशे, चालक आणि हमालाचे हजार. झाले ३,३००. तीन हजारांसाठी तेहेतीसशे खर्च केले, वर तो दिवस गावातून माल गोळा करण्यातून गेला तो वेगळाच. परत येताना रिकामी गाडी आणली नाही, पलीकडून भाड्याचा काही माल मिळाला, तरच गणित थोडं सुधारतं.

आता दुसरी बाजू. माल गोदामात साठवला, ९ टन झाला, आणि भाड्याचा ट्रक ९,००० रुपयांत ठरवला. दोन रुपयांच्या फरकाने १८,००० जादा, भाडं वजा जाता ९,००० हातात. म्हणजे आपली छोटी गाडी गोळा करण्यासाठी आणि लांबचा प्रवास भरलेल्या ट्रकने, असा हा धंदा चालतो. अडचण एकच. २६ रुपयांनी घेतलेला ९ टन माल म्हणजे २ लाख ३४ हजार रुपये गोदामात पडून राहतात, आणि तेवढ्या दिवसांत भाव दोन रुपयांनी उतरला तर जादा मिळणारे ते १८ हजार तिथंच गेले. भाव चढेल म्हणून माल धरून बसणं हा सट्टा झाला. तो मोठ्या गोदामवाल्यांनी करावा. छोट्याने ट्रक भरला की पाठवावा.

शिनोळीची पंधरा मिनिटं

चंदगड तालुक्यातली शिनोळीची औद्योगिक वसाहत बेळगावपासून इतकी जवळ आहे की तिथले कामगार रोज दुचाकीवरून ये-जा करतात. निपाणी आणि कागल यांचंही तेच. माणसं, सोयरिकी, बाजार एक. पण शिनोळीच्या वर्कशॉपमधून उचललेलं टर्निंग उद्यमबागेत आणणं हा जीएसटीच्या भाषेत आंतरराज्य व्यवहार आहे. बेळगावहून बंगळूरला माल पाठवणं मात्र राज्यांतर्गत. अंतराचा इथं संबंध नाही, हद्दीचा आहे.

यातून काय होतं ते नीट समजून घ्यायला हवं, कारण ‘चाळीस लाखांपर्यंत जीएसटी लागत नाही’ हे अर्धवट ऐकलेलं वाक्य या भागात फार महागात पडतं. महाराष्ट्र, कर्नाटक आणि गोवा या तिन्ही राज्यांत मालाच्या विक्रीसाठी ती चाळीस लाखांची सूट आहे, पण राज्याच्या आत विकणाऱ्यासाठी. करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकायचा असेल तर नोंदणी पहिल्या गाडीपासून सक्तीची. कंपोझिशन योजनेतल्या व्यापाऱ्यालाही परराज्यात माल विकता येत नाही. म्हणजे लातूर किंवा दावणगेरेतला भंगारवाला वर्षभर नोंदणीशिवाय धंदा करू शकतो, निपाणीतला माणूस वीस किलोमीटरवरच्या कागलला एक गाडी पाठवताच नोंदणीच्या कक्षेत येतो.

दुसरा कागद ई-वे बिलाचा. कर धरून ५० हजारांपेक्षा जास्त किमतीचा माल हद्दीपलीकडे जात असेल तर ते लागतंच, मग अंतर दहा किलोमीटर का असेना. दोनशे किलोमीटरला एक दिवस अशी त्याची मुदत. गाडी बिघडून माल दुसऱ्या गाडीत घातला तर बिलावर गाडीचा नंबर बदलावा लागतो. हे विसरलं जातं, आणि नेमकी तीच गाडी तपासणीत सापडते. कागदाविना माल पकडला तर मालक पुढे आल्यावर कराच्या दोनशे टक्के दंड आहे. लोखंडी भंगारावर १८ टक्के कर, म्हणजे मालाच्या ३६ टक्के. एक लाखाच्या मालाला छत्तीस हजार.

तिसरी गोष्ट १० ऑक्टोबर २०२४ पासूनची, आणि सर्वांत कमी लोकांना नीट कळलेली. नोंदणी नसलेल्या भंगारवाल्याकडून नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याने धातूचं भंगार घेतलं तर कर विकणाऱ्याने नाही, घेणाऱ्याने भरायचा. याला ‘रिव्हर्स चार्ज’ म्हणतात. गावातल्या छोट्या दुकानदाराकडून माल घेणाऱ्या गाडीवाल्याने स्वतःच खरेदीचं बिल फाडायचं, १८ टक्के कर रोखीच्या खात्यातून भरायचा, आणि मग त्याची वजावट घ्यायची.

वजावट मिळते, मग तोटा कुठं? तोटा होत नाही, पैसा अडकतो. वरचाच ट्रक घेऊ आणि सगळा माल नोंदणी नसलेल्या दुकानदारांकडून आला असं धरू. खरेदी २,३४,०००. त्यावर रिव्हर्स चार्जचे ४२,१२० रोख भरायचे. विक्री २,८८,०००, त्यावर आयजीएसटी ५१,८४०. त्यातून ४२,१२० वजा करून उरलेले ९,७२० भरायचे. एकूण भरणा ५१,८४०, तोही पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत. फौंड्रीने ४५ दिवसांनी पैसे द्यायचं ठरवलेलं असेल तर हा कर आपल्या खिशातून आधी जातो. मालाची किंमत, ट्रकभाडं आणि कर मिळून तीन लाखांच्या घरात रक्कम बाहेर असते, आणि ती कशासाठी, तर ४५ हजारांच्या फरकासाठी, ज्यातून गोळा करायचा खर्च अजून वजा व्हायचाय. भरणा उशिरा झाला तर वर्षाला १८ टक्के व्याज.

त्याच दिवसापासून आणखी एक कपात आली. नोंदणीकृत माणसाने नोंदणीकृत माणसाला भंगार विकलं आणि कराराची रक्कम कर सोडून अडीच लाखांवर असेल, तर घेणारा २ टक्के जीएसटी टीडीएस कापतो. या उदाहरणात ५,७६० रुपये. ते बुडत नाहीत, खरेदीदाराने विवरण भरल्यावर आणि आपण पोर्टलवर मान्य केल्यावर आपल्या खात्यात येतात आणि पुढचा कर भरायला चालतात. पण मान्य करायचं बटण दाबावं लागतं. ते न दाबल्याने पैसे तसेच पडून राहतात.

भंगारात बिलाची विक्री हा जुना रोग आहे. माल एकाचा, बिल दुसऱ्याचं, कर भरणारा कुणीच नाही. ‘बिल मी देतो, तू फक्त दोन टक्के दे’ असं सांगणारा भेटतोच. त्याची नोंदणी रद्द झाली की वजावट घेतलेल्या सगळ्यांना नोटिसा जातात, व्याजासह. छोट्या माणसाची वकिलाची फीसुद्धा त्या दोन टक्क्यांतून निघत नाही.

कुणाचा माल, ते लिहून ठेवा

शेतातल्या मोटारींच्या केबली, ट्रान्सफॉर्मरमधलं तांबं, गटारांची झाकणं आणि रेल्वेचं सामान चोरीला जातं, आणि पोलिस सर्वांत आधी भंगारवाल्याकडे येतात. चोरीचा माल असल्याचं माहीत असताना, किंवा तसं मानायला कारण असताना घेतला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. रेल्वेच्या मालासाठी १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे. त्यात शिक्षा पाच वर्षांपर्यंत जाते आणि माल रीतसर मिळाला हे जवळ बाळगणाऱ्यालाच सिद्ध करावं लागतं. म्हणून रुळाचा तुकडा, फिशप्लेट, विजेच्या तारा यांना हात लावू नये, कितीही स्वस्त मिळोत.

बाकी मालासाठी एक जाड वही पुरे. तारीख, देणाऱ्याचं नाव, ओळखपत्राचा क्रमांक, मालाचा प्रकार, वजन, रक्कम, सही. तांब्याच्या खरेदीला मोबाइलवर फोटो. पैसे शक्यतो खात्यात द्यावेत. एका माणसाला एका दिवशी दहा हजारांपेक्षा जास्त रोख दिली तर ती रक्कम उत्पन्न कराच्या हिशेबात खर्च म्हणून धरली जात नाही, हे आणखी एक कारण. सीमाभागात परवाना कन्नडमध्ये, पावती मराठीत आणि बिल इंग्रजीत अशी तऱ्हा असते. वही कोणत्याही भाषेत चालेल, पण ती रोज लिहिलेली असावी.

काही माल घेऊच नये. गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्यांना २०२२ चे बॅटरी कचरा नियम लागू आहेत, संगणक-टीव्हीला ई-कचऱ्याचे. आख्खी चारचाकी फोडायची तर ते काम नोंदणीकृत वाहन भंगार केंद्राचं, अंगणात गॅसकटर लावून करायचं नाही. गॅसचे बंद सिलिंडर, बंद टाक्या, शॉकअब्झॉर्बर तसेच्या तसे भट्टीत गेले तर स्फोट होतो. असा एक तुकडा आपल्या गाडीतून निघाला की त्या फौंड्रीचं दार कायमचं बंद.

वाढवायचं तर फेऱ्या नव्हे, बांधील माल

दारोदार फिरून येणारा माल आज आहे, उद्या नाही. ज्यांचा धंदा टिकला त्यांच्याकडे साधारणपणे आठ-दहा वर्कशॉप बांधलेले दिसतात. त्यांच्या आवारात आपले पिंप ठेवायचे, टर्निंगचं वेगळं, पंचिंगचं वेगळं, आणि ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी उचलायचे. वर्कशॉपवाल्याला चार आणे भाव जास्त मिळण्यापेक्षा जागा मोकळी होण्याची गरज मोठी असते. गणपती आणि दिवाळीच्या आधी साफसफाई निघते, तेव्हा न बोलावता जावं. हा माल नोंदणीकृत कारखान्याचा असल्याने त्याचं बिल मिळतं, रिव्हर्स चार्जची भानगड राहत नाही. फक्त कारखाना उत्पन्न कराचा टीसीएस वेगळा लावतो. विवरणपत्र भरताना तो परत मागायला विसरू नये.

भांडवलासाठी मुद्रा योजनेत तारण लागत नाही. शिशू गटात ५० हजारांपर्यंत, किशोरमध्ये ५ लाखांपर्यंत, तरुणमध्ये १० लाखांपर्यंत. बँकेत जाताना गाडीचं कर्ज एवढंच मागितलं जातं आणि खेळतं भांडवल राहून जातं. नंतर माल घ्यायला सावकार गाठावा लागतो. वरच्या ट्रकचा हिशेब अर्जाला जोडला तर खेळत्या भांडवलाची गरज मॅनेजरला वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

दुसरी गाडी कधी घ्यायची? पहिली गाडी आठवड्यातले पाच दिवस पूर्ण भरत असेल आणि तरीही बांधलेल्या वर्कशॉपचे फोन येत असतील तेव्हा. बऱ्याचदा दुसऱ्या गाडीपेक्षा पत्रा दाबायचं हायड्रॉलिक प्रेस आधी घेणं फायद्याचं पडतं, कारण दाबलेल्या पत्र्याने त्याच ट्रकमध्ये जास्त वजन बसतं आणि भट्टीवाला भावही बरा देतो.

आणि हद्दीच्या दोन्ही बाजूंना गोदाम ठेवायचं असेल, समजा एक मच्छेत आणि एक कागलला, तर जीएसटी क्रमांक दोन लागतात. कर्नाटकाचा २९ ने सुरू होणारा, महाराष्ट्राचा २७ ने. आपल्याच एका गोदामातून आपल्याच दुसऱ्या गोदामात माल हलवला तरी ती विक्री धरली जाते, बिल करावं लागतं आणि ई-वे बिलही. त्यासाठी महिन्याला दोन-तीन हजार घेणारा हिशेबनीस ठेवणं परवडतं की नाही, हे दुसऱ्या गोदामाची अनामत भरण्याआधी ठरवावं.